एखादा पक्ष लोकशाहीच्याच मुळावर उठला तर किती सहन करायचं आणि कधी बास म्हणायचं

आमच्या दादरच्या वाचनालयाचा एक छोटा हॉल आहे, जेमतेम ८० खुर्च्या मावतात, आणि तो आम्ही कुठल्याही पक्षाला भाड्याने देतो, पूर्वीपासूनची पद्धतच आहे ती. निवडणुकीच्या आधी एका पक्षाच्या मुलांनी सभेसाठी घेतला होता. सभा नीट चालली होती, मी मागे पंख्याखाली उभा होतो, आणि बोलता बोलता वक्ता म्हणाला की एकदा सगळं आमच्या हातात येऊ द्या, मग ही दर पाच वर्षांची निवडणुकीची कटकटच नको. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसलेल्या, सगळे त्यांना बाई म्हणतात, त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तुमचा कारभार पटला नाही तर आम्ही तुम्हाला घालवायचं कसं?" तर दोन पोरं येऊन त्यांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. हात लावला नाही, एक शब्द बोलली नाहीत, नुसती उभी राहिली. बाई खाली बसल्या. आणि हॉलची जबाबदारी माझ्यावर असताना मी जागचा हललो नाही, ते मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे यांना परत हॉल द्यायचा नाही, विषय संपला. दुसरा म्हणे हॉल नाकारला तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि म्हणूनच झोप उडाली होती. त्यानंतर बरंच वाचलं, दोन वकील मित्रांचं डोकं खाल्लं, आणि आता आम्ही जे करतो ते इथे लिहितोय. तुमची सोसायटी असो, मंडळ असो, नाहीतर घरातला व्हॉट्सॲप ग्रुप, थोडाफार फरक करून चालेल.

आधी कागद-पेन घ्या

राग आलेला असताना "हा पक्ष लोकशाहीविरोधी आहे" हे म्हणणं फार सोपं असतं, म्हणून पहिलं काम हे की नेमकं काय बोललं गेलं आणि नेमकं काय केलं गेलं हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचं. तारीख, जागा, कोण बोललं, पदाधिकारी होता की गर्दीतला कोणी. व्हिडिओ असेल तर पूर्ण बघा, तीस सेकंदांच्या क्लिपवर कोणालाही फासावर लटकवू नका. आमच्या प्रसंगात पहिल्या रकान्यात "निवडणुकीची कटकट नको" आलं आणि दुसऱ्या रकान्यात "प्रश्न विचारणाऱ्या बाईंना घेरलं" आलं. लिहिल्यावर लक्षात आलं की कमिटीतले सगळे पहिल्या रकान्यावर भांडत होते आणि खरी गंभीर गोष्ट दुसऱ्यात होती.

पहिल्या रकान्यात जे येतं त्यातलं बहुतेक सहन करायचं असतं, अगदी अंगावर काटा आला तरी. एखाद्याला अध्यक्षीय पद्धत हवी आहे, कोणाला आरक्षण नको आहे, कोणाला राज्यघटनेतलं अमुक कलम बदलायचं आहे, तर घटनेतच कलम ३६८ आहे, दुरुस्तीचा रस्ता दिलेला आहे, त्या रस्त्याने जाणाऱ्याशी वाद घाला, जोरात घाला, पण त्याला देशाचा शत्रू म्हणू नका. आपल्याकडचीच उदाहरणं बघा ना. १९४८ साली कम्युनिस्ट पक्षाने सशस्त्र लढ्याची लाइन घेतली, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते आपल्या मुंबईचे बी. टी. रणदिवे. तेलंगणात बंदुका चालल्या, सरकारने तो लढा मोडून काढला, बऱ्याच ठिकाणी पक्षावर बंदी आली. पण १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला आणि पहिल्या निवडणुकीत उतरला तेव्हा कोणी दार लावून घेतलं नाही, पहिल्या लोकसभेत विरोधकांमध्ये सगळ्यात जास्त जागा त्यांच्याच होत्या आणि १९५७ ला केरळात मतपेटीतून त्यांचं सरकार आलं. द्रमुकचं तसंच. वेगळ्या द्रविडनाडूची मागणी होती, १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली, देशाच्या अखंडतेची शपथ उमेदवाराला घ्यावी लागणार असं ठरलं, पक्षाने मागणी सोडली आणि १९६७ ला मद्रासमध्ये सत्तेत आला. मिझोराममध्ये तर वीस वर्षं बंदूक घेऊन लढलेले लालडेंगा १९८६ च्या करारानंतर मुख्यमंत्री झाले. या तिन्ही ठिकाणी कृतीला रोखलं, आणि परत यायचा रस्ता उघडा ठेवला. दोन्ही एकदम.

कसोटी कशावर लावायची

मी एकच प्रश्न मध्यभागी ठेवतो, आणि तो बाईंचाच आहे. हे हरले तर जातील का? बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातले. निकाल बाजूने लागला तरच खरा आणि विरोधात लागला की चोरी, असं पुराव्याशिवाय दरवेळी म्हणतात का. विरोधकाला चुकीचा म्हणतात की त्याला निवडणूक लढवायचाच हक्क नाही म्हणतात. मारहाण करणाऱ्या आपल्या माणसाला पक्षातून काढतात की हारतुरे घालतात. वर्तमानपत्र, कोर्ट, निवडणूक आयोग यांच्यावर टीका करतात, ती करावीच, की त्यांना मुठीत घ्यायची भाषा करतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर वाईट आलं तर लक्ष ठेवा. दोन-तीन वाईट आली आणि ती वारंवार, नेतृत्वाकडून येत असतील, तर मग सहनशीलतेची मर्यादा जवळ आली असं समजा.

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात पण आकडे कोणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने म्युनिकमध्ये सशस्त्र उठाव केला, पोलीस मेले. शिक्षा पाच वर्षांची, आणि डिसेंबर १९२४ मध्ये हा माणूस तुरुंगाबाहेर. पक्षावरची बंदी उठली, १९२५ मध्ये पक्ष पुन्हा उभा राहिला. त्याच्या भाषणांवर बऱ्याच प्रांतांत काही वर्षं बंदी होती बरं का, प्रशियात १९२८ पर्यंत होती, तेवढ्याने काही अडलं नाही. १९२८ च्या निवडणुकीत मतं किती, २.६ टक्के. लोक म्हणाले संपला विषय. १९३० मध्ये १८.३ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. आता हे लक्षात घ्या की मोकळ्या निवडणुकीत त्यांना बहुमत कधीच मिळालं नाही, नोव्हेंबर १९३२ मध्ये तर मतं घटली होती, आणि तरी ३० जानेवारी १९३३ ला तो चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला कारण सत्तेतल्या जुन्या मंडळींना वाटलं याला आपण मंत्रिमंडळात घेऊ आणि आवरू. फेब्रुवारीत संसदेला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे हक्क स्थगित झाले. २३ मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी पास झाला, कम्युनिस्ट खासदारांना आत येऊच दिलं नव्हतं, विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने. १४ जुलैला दुसरा पक्ष काढणंच गुन्हा ठरलं. जानेवारी ते जुलै, सहा महिने पण नाहीत.

यातून मी जे शिकलो ते असं की १९२३ चा गुन्हा हा गुन्हा म्हणून नीट निस्तरला असता तर पुढे भाषणबंदीची गरजच पडली नसती. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ते हेच.

आणि हो, तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचं ते फॉरवर्ड सगळ्यांच्या ग्रुपवर येऊन गेलंय, असहिष्णू लोकांना सहन केलं तर सहिष्णुताच संपते वगैरे. १९४५ चं आहे, एका तळटीपेत लिहिलंय, आणि फॉरवर्डमध्ये अर्धंच येतं. त्याच टीपेत तो असंही म्हणतो की जोवर युक्तिवादाने उत्तर देता येतंय आणि लोकमताने आवर घालता येतोय तोवर दडपणं शहाणपणाचं नाही, हक्क राखून ठेवायचा तो ते लोक वाद घालायलाच नकार देऊन हाताने आणि शस्त्राने उत्तर देऊ लागले त्या वेळेसाठी. पूर्ण वाचलं की पहिला आणि दुसरा रकाना बरोबर वेगळे होतात.

सुरुवात आपल्या पक्षापासून

ही सगळ्यात अवघड पायरी आहे. समोरच्या पक्षाला तुम्ही बास म्हणालात तर त्याला काडीचा फरक पडत नाही, तो म्हणतो हे तर आमचे विरोधकच. फरक पडतो जेव्हा जवळचा माणूस बास म्हणतो.

फिनलंडमध्ये १९३० च्या सुमाराला लापुआ नावाची चळवळ होती, कम्युनिस्टांविरुद्ध, लोकांना पळवून न्यायची, मारायची. राष्ट्राध्यक्ष स्विनहुवुद हे स्वतः उजवे आणि या चळवळीच्या पाठिंब्यानेच निवडून आलेले. १९३२ मध्ये चळवळीचे लोक मेंत्सेला गावात शस्त्रं घेऊन जमले तेव्हा याच माणसाने रेडिओवर भाषण करून सांगितलं की घरी जा. साधे लोक गेले, त्यांना जाऊ दिलं, पुढाऱ्यांवर खटले भरले आणि चळवळीवर बंदी आली, तीसुद्धा त्यांनीच कम्युनिस्टांविरुद्ध मागून घेतलेल्या कायद्याखाली. बेल्जियममध्ये १९३७ ला फॅसिस्ट नेता देग्रेल ब्रुसेल्सच्या पोटनिवडणुकीत उभा राहिला तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष, कॅथलिकांपासून कम्युनिस्टांपर्यंत, पंतप्रधान व्हान झीलांड यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांना तीन चतुर्थांश मतं मिळाली. बंदीबिंदी काही नाही, नुसती दारं बंद केली.

म्हणून तुमचा भाचा, मेव्हणा, शाखेतला जुना दोस्त, ज्याच्याशी तुमचं राजकारण जुळतं, त्याने विरोधकाचं ऑफिस फोडल्याचा व्हिडिओ अभिमानाने टाकला तर ग्रुपवर एक वाक्य लिहा. "हे मला मान्य नाही, आपल्या लोकांनी केलं तरी." बास एवढंच. खाली वाद घालत बसू नका, अपमान करू नका, पण ते वाक्य तिथे दिसू द्या. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे, आणि ते विरोधकांच्या भक्तीबद्दल नव्हतं, सगळ्यांच्या होतं. चैत्यभूमीवरून परत येताना मला दरवर्षी ते आठवतं.

छोट्या हत्याराने भागतंय तर मोठं काढू नका

लोक लगेच "बंदी घाला" म्हणतात. आपल्याकडे कायदा काय आहे ते आधी बघू. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ए खाली नोंदणी करताना पक्षाला लिहून द्यावं लागतं की आम्ही घटनेवर, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा ठेवू. पण दिलेला शब्द मोडला म्हणून निवडणूक आयोग नोंदणी काढून घेऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये तसं सांगितलं, अपवाद थोडेच, म्हणजे नोंदणीच फसवणुकीने केली असेल किंवा केंद्राने संघटना बेकायदा ठरवली असेल. तशी ती यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखणाऱ्या कायद्याखाली ठरवली तरी सरकारला ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जावं लागतं आणि त्यांनी सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

बंदीचं पेन कोणाच्या हातात आहे हा प्रश्न इथे येतो आणि मुंबईकर म्हणून आपण तो विसरू नये. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली तेव्हा कारण काय दिलं होतं? लोकशाहीच्या नावाखाली लोकशाहीचंच काम बंद पाडलं जातंय, म्हणजे आज आपण जे बोलतोय तेच शब्द. जुलैमध्ये संघ, जमाते इस्लामी, आनंदमार्ग, नक्षलवादी गट अशा बऱ्याच संघटनांवर एकदम बंदी आली, एकमेकांशी ज्यांचं काडीचं जमत नाही अशा. गोरेगावच्या मृणालताई गोरे, पाण्यासाठी हंडे घेऊन मोर्चे काढणाऱ्या बाई, आधी भूमिगत आणि मग तुरुंगात. चोर सोडून संन्याशाला फाशी. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, तिथे यशवंतराव चव्हाणांसारखे केंद्रीय मंत्री असताना त्यांनी आजारी जयप्रकाशांसाठी लोकांना उभं राहून प्रार्थना करायला लावली, पुढे त्यांनाही अटक झाली. आणि आपल्याच मुंबई हायकोर्टाने १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'चा मजकूर कापणारे सेन्सॉरचे आदेश रद्द केले. १९७७ मध्ये मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या, घोषणा काय होती, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. घालवायचा रस्ता उघडा राहिला म्हणून हे झालं. म्हणून जो अधिकार तुमच्या नावडत्या सरकारच्या हातात तुम्हाला चालणार नाही तो आवडत्यालाही देऊ नका.

जर्मनीने युद्धानंतर घटनेतच पक्षबंदी ठेवली, पण निर्णय सरकारचा नाही, घटनात्मक कोर्टाचा. १९५२ मध्ये नव-नाझी पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर आली, त्यानंतर एकाही पक्षावर नाही. एनपीडी नावाच्या पक्षाविरुद्धची केस २००३ मध्ये बंद पडली कारण पक्षाच्या नेतृत्वातच सरकारचे खबरे बसलेले निघाले. २०१७ मध्ये कोर्ट म्हणालं की उद्देश घटनाविरोधी आहे खरा पण तो तडीस नेण्याची ताकद नाही, म्हणून बंदी नाही. मग घटना बदलून सरकारी अनुदान तोडायची सोय केली आणि जानेवारी २०२४ मध्ये सहा वर्षांसाठी तोडलं. मला हे आवडलं, पैसे बंद, तोंड चालू. उलट थायलंडमध्ये २०२३ ला सगळ्यात जास्त जागा जिंकलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये विसर्जित केला, तो हरायला तयार नव्हता म्हणून नव्हे, राजाबद्दलच्या कायद्यात दुरुस्ती मागितली म्हणून. एकाच हत्याराचे दोन उपयोग.

छोटी हत्यारं आपल्याकडे आहेत आणि ती चालतात. ३० जुलै २००३ ला घाटकोपरच्या बसमधल्या स्फोटानंतर मुंबई बंद झाली होती, त्याविरुद्ध शहरातले काही नागरिक हायकोर्टात गेले आणि २००४ मध्ये कोर्टाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. मताला नाही, लोकांना जबरदस्तीने घरी बसवण्याला. धर्म-जातीच्या नावावर मतं मागितली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) आहे, २०१७ च्या अभिराम सिंग निकालात, ती केसही मुंबईचीच, सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म धरून मत मागणंही त्यात येतं. पण निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात करावी लागते, सेहेचाळिसाव्या दिवशी गेलात तर वरातीमागून घोडं. दोन समाजांत तेढ लावणारं भाषण असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, पोलीस स्टेशनला तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. लोकसभा-विधानसभेला आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायला निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, जागेवरूनच फोटो-व्हिडिओ टाकता येतो. आणि ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी एक दिवस कुठल्याही उमेदवाराचा पोलिंग एजंट व्हावं, मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून फॉर्म १७-सीची प्रत मागून घ्यावी, त्यात त्या बूथवर किती मतं नोंदली गेली तो आकडा असतो, मोजणीच्या दिवशी तो जुळवून बघता येतो. मी एकदा माटुंग्याच्या एका शाळेत बसलो होतो, सकाळी साडेपाचपासून, चहा आणि दोन वडापाववर दिवस काढला, संध्याकाळी तो कागद हातात आला तेव्हा लोकशाही म्हणजे काय हे पहिल्यांदा बोटांना कळलं.

आणि हॉलचं काय केलं

हॉल बंद केला नाही. बुकिंगच्या फॉर्मवर चार ओळी वाढवल्या आणि त्या सगळ्या पक्षांना सारख्याच लागू, सत्यनारायणाच्या पूजेलाही तोच फॉर्म आहे. शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांची. प्रश्न विचारणाऱ्याच्या जवळ आयोजकांपैकी कोणी जायचं नाही, माइक वाचनालयाचा माणूस फिरवणार. कोणाला धमकावलं तर सभा तिथेच थांबणार, डिपॉझिट परत नाही, आणि वर्षभर हॉल नाही. वर्ष झालं की परत अर्ज करता येईल. ही शेवटची ओळ घालताना कमिटीत सगळ्यात जास्त भांडण झालं, पण राहिली. त्या पक्षाच्या स्थानिक अध्यक्षांना बोलावून समोर बसवून सगळं वाचून दाखवलं, आणि झाल्या प्रकाराबद्दल बाईंची माफी मागायला सांगितलं. ते आधी तापले, मग त्या दोन पोरांपैकी एकाला घेऊन बाईंच्या घरी गेले. दुसरा आला नाही.

गेल्या महिन्यात त्यांची परत सभा झाली, वक्ता दुसरा होता. प्रश्नांच्या वेळी बाई उठल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, शब्दही तेच. वक्त्याने दोन-तीन मिनिटं उत्तर दिलं, मला ते पटलं नाही, बाईंनाही पटलं नाही, त्या तसं म्हणाल्या आणि माइक परत देऊन बसल्या. मी या वेळी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.